सेवेचं व्रत आणि बदलीचा कागद



मागच्या बैठकीत अर्धवट राहिलेला विषय इथे पुरा करते आहे. त्या दिवशी आवाज चढले, वेळ संपली, आणि 'तो त्यांच्या धर्माचा मामला आहे, आपण कशाला पडायचं' असं म्हणून एकीने चहा मागवला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटलेलं नाही.

हकीकत अशी. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आमच्या संस्थेचं एक केंद्र आहे. कातकरी पाड्यांवरच्या, वीटभट्टीवर जाणाऱ्या बायकांसोबत तिथे काम चालतं. 'आमचं' केंद्र म्हणायची सवय झाली आहे, पण खरं तर ते उभं राहिलं त्या गावात भाड्याच्या घरात राहणाऱ्या तीन धर्मभगिनींच्या जिवावर. त्यांच्यातली एक माझी एम.एस.डब्ल्यू.ची वर्गमैत्रीण. वर्गात ती आम्हा सगळ्यांपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. तिच्या संघाने तिला शिकायला पाठवलं होतं. त्या गावात ती नऊ वर्षं होती. गेल्या जूनमध्ये वरून कागद आला. पंधरा दिवसांत दुसऱ्या राज्यातल्या एका शाळेच्या वसतिगृहावर रुजू व्हायचं. ती गेली.

बदली काय, सरकारी नोकरीतही होतेच, असं बैठकीत कुणीतरी म्हणालं. म्हणून आधी ती तिथे काय करत होती ते सांगते.

दसरा झाला की पाडे ओस पडायला लागतात. कुटुंबंच्या कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. पावसाळ्यात चूल बंद पडायची वेळ येते तेव्हा घेतलेली उचल, भट्टीवर आठवड्याला मिळणारी खर्ची, आणि पाडलेल्या विटांचा हजारी हिशोब, हे सगळं मालकाच्या वहीत. हंगाम संपला की तो सांगेल तो आकडा. काहीतरी फिटायचं राहिलेलंच असतं, आणि त्यापोटी पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे हे पाड्यावर कुणाला ठाऊक असणार! शिवाय काम धरलं जातं ते जोडीचं. नवरा-बायको मिळून एक जोडी, आणि हिशोब नवऱ्याच्या नावावर. बाई गारा तुडवते, विटा थापते, डोक्यावरून वाहते, पोर पदराखाली घेऊन पुन्हा उभी राहते. वहीत मात्र ती नसते.

माझ्या मैत्रिणीने बायकांची वेगळी वही सुरू केली. उचल किती, खर्ची किती, विटा किती, आणि प्रत्येक ओळीला बाईचं नाव. अक्षर न येणाऱ्या बायका भट्टीवरच्या झोपडीच्या कुडाला कोळशाने रेघा मारून हजार मोजत आणि आठवड्याच्या बाजाराला कुणाच्या तरी फोनवरून तिला सांगत. तीन वर्षांपूर्वी या वहीच्या जोरावर अकरा कुटुंबं प्रांताधिकाऱ्यांपुढे उभी राहिली. प्रकरण रेंगाळलं, तारखा पडत राहिल्या, पण कुटुंबं हलली नाहीत, कारण दर तारखेला सिस्टर त्यांच्यासोबत एस.टी.त असायची.

ती गेल्यावर श्रावणात मुकादम पाड्यावर आला. 'तुमची सिस्टर गेली ना पळून?' म्हणाला. अकरांतल्या चार कुटुंबांनी त्याच मालकाची उचल घेतली.

कागद आला त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं होतं, "तू नाही म्हण ना. निदान सुनावणी होईपर्यंत मुदत माग." ती म्हणाली, "अगं, मागितली. नाही मिळाली. आता पुढे काय? मी आज्ञापालनाचं व्रत घेतलंय. सोयीचं असेल तेव्हाच पाळायचं, त्याला व्रत म्हणत नाहीत." मी चिडून बोलले, ती शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत राहिली. नऊ वर्षांचा संसार एका बॅगेत मावला.

आता तिच्या त्या घराविषयी, कारण आपल्यातल्या पुष्कळजणींनी असं घर आतून पाहिलेलं नाही. कौलारू, दोन खोल्या आणि पडवी. एका कोपऱ्यात क्रूस, समई, आणि मराठी बायबल. एक सिस्टर वसईची, एक झारखंडमधल्या उरांव समाजातली, एक केरळची. पहाटे पाचला तिघी प्रार्थनेला बसत. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण सहाला पाणी भरायला निघताना त्यांच्या चेहऱ्यावर जी स्थिरता असायची ती मी कितीतरी शिबिरांमध्ये शोधली आहे आणि मला सापडलेली नाही. पैशांचा एक पत्र्याचा डबा, त्यासोबत एक वही. चपलेचा अंगठा तुटला तर नवी जोडी घ्यायची की शिवून आणायची यावर चर्चा. रात्री जेवणं झाल्यावर दिवसभरात कोण कुणावर का चिडलं ते एकमेकींना सांगायचं आणि मगच झोपायचं, असा त्यांचा नियम. तो दररोज पाळला जात असे असं नाही. केरळच्या सिस्टरचा अबोला एकदा तीन दिवस चालला होता, कारण होतं कढीपत्त्याचं रोपटं. पण नियम होता.

लग्न नाकारलेल्या तीन बायका, वेगवेगळ्या मुलखांतल्या, वेगळ्या जातीजमातींतल्या, एका डब्यातून खर्च करून, एका कामासाठी एकत्र राहतात. आपण स्त्रीमुक्तीवाल्या हे स्वप्न किती वेळा बोललो आहोत! १९९४ साली तेव्हाच्या औरंगाबादला परित्यक्तांची हक्क परिषद झाली. तिथे ज्या मागण्या झाल्या त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न होता, की नवऱ्याविना बाईने राहायचं कुठे, कुणाच्या आधाराने, कुठल्या मानाने. आपल्या संघटनांनी समुपदेशन दिलं, वकील दिले, तात्पुरता निवारा दिला. सोबत जगण्याची जागा मात्र फार थोड्या ठिकाणी उभी राहिली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, भट्ट्यांवरून माणसं पोरांना खांद्यावर घेऊन चालत निघाली, तेव्हा मी ठाण्याला घरात बसून फोन करत होते. त्या तिघी तिथेच होत्या. आमच्या प्रकल्पाचा निधी मधली दोन वर्षं बंद होता तेव्हाही त्या तिथेच होत्या. प्रकल्प संपतो. त्या ज्याला पाचारण म्हणतात, ते संपत नाही.

'पाचारण' हा शब्द मी तिच्याकडूनच ऐकला. आपल्याला कुणीतरी नाव घेऊन बोलावतं आहे, आणि ते बोलावणं एकटीने कुठेतरी जाऊन ध्यान करण्याचं नसून इतरांसोबत राहून इतरांसाठी काम करण्याचं आहे, अशी ही जाणीव. मी देव मानत नाही. पण बोलावणं खरं असतं हे मी मानते, कारण त्याचा परिणाम मी वर्षानुवर्षं पाहिला आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. आमच्या अंदाजपत्रकात क्षेत्रकार्यकर्तीचं मानधन दरमहा १४,००० रुपये होतं आणि सिस्टरचं ६,०००. काम तेच, शिक्षण तिचं जास्त. ते अंदाजपत्रक मी स्वतः केलं होतं. 'त्यांना काय संसार आहे? राहणं-खाणं त्यांचा संघ बघतो,' असं कुणीतरी म्हणालं आणि मी आकडा लिहिला. घरकामाला मोल आहे असं पथनाट्यांतून ओरडून सांगणारी मी! बाईचं काम प्रेमापोटी असतं म्हणून त्याचा हिशोब धरायचा नाही, हे सासरी ऐकलं तर आपण पेटून उठतो. तेच वाक्य 'सेवा' या शब्दाआड आलं की आपल्याला खुपत नाही. भट्टीमालकाच्या वहीत बाई नसते, आणि माझ्या वहीत सिस्टर अर्धी होती. ते अर्धं मानधनही तिच्या हाती येत नव्हतं, संघाच्या खात्यावर जमा होत होतं. पण तो तिच्या निर्धनतेच्या व्रताचा भाग झाला. अर्धं करणं हा माझा भाग होता. आता तो आकडा सारखा केला आहे. मागच्या वर्षांचं काय, यावर आमच्या कार्यकारिणीत अजून एकमत नाही.

सेवा, सहजीवन आणि आज्ञा यांची ही ओढाताण आपल्या मुलखाला नवी नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ज्या मठात उतरल्या, त्या मठाच्या भगिनी १८७७ पासून पुण्यात काम करत होत्या. त्या भगिनींनी रमाबाईंना लंडनजवळ फुलहॅमला, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं आपलं घर दाखवलं. अशा बायकांशी माणुसकीने वागणारा धर्म असू शकतो हे पाहून आपल्यावर काय परिणाम झाला ते रमाबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इतपत सगळ्यांना माहीत असतं. पण त्यानंतरचा त्यांचा आणि सिस्टर जेराल्डीनचा पत्रव्यवहार आपल्या अभ्यासवर्गात कुणी वाचत नाही. तो १९७७ साली अ. भि. शहांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने आला आहे. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता; माया खरी, उपकारही खरे. आणि तरी रमाबाई प्रत्येक गोष्टीत वाद घालतात. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी नापसंती कळवली, की याने तिथल्या लोकांत चुकीचा समज होईल. रमाबाईंना ते अपमानास्पद वाटलं आणि तसं त्यांनी कळवलं. पुरोहितांची सत्ता त्यांनी जन्मापासून जवळून पाहिली होती. ती झुगारल्यावर तिच्या जागी दुसरी बसवायला त्या तयार नव्हत्या.

वाँटेजच्या भगिनी रमाबाई झाल्या नाहीत. त्यांनी परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं, आणि दुष्काळातल्या मुली आणून केडगावला मुक्ती उभी केली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली होत्या. शेती, तेलघाणा, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. वाँटेजकडून सहजीवन घेतलं, आज्ञा मागे ठेवली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण पुरतं खरं ते नाही. केडगावला शेवटचा शब्द रमाबाईंचा असे, शिस्त कडक होती, आणि दुष्काळातून आलेल्या कोवळ्या मुलींना धर्माच्या बाबतीत निवड कितपत होती हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. १८९३ साली रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले त्याच्या मुळाशी मुलींच्या प्रार्थनेला बसण्याचाच वाद होता. मला तो वाद निव्वळ सनातन्यांचा कांगावा वाटत नाही. मात्र त्याच सुधारकांना पुण्यात विधवांसाठी तोवर तसं घर उभारता आलं नव्हतं, हेही लिहून ठेवायला हवं.

आज्ञा आणि गरज यांचा सामना झाल्यावर काय होतं याचं मला सर्वांत लख्ख वाटणारं उदाहरण रावळपिंडीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पडद्यातल्या बायका बाळंतपणात मरत, कारण पुरुष डॉक्टरकडे त्या जाणार नाहीत आणि बाई डॉक्टर जवळपास नाही. धर्मभगिनी होत्या, सेवेची तयारी होती, पण चर्चच्या कायद्याने व्रतस्थ स्त्रियांना वैद्यकी, विशेषतः बाळंतपण करण्याची मनाई होती. ब्रह्मचारिणीने प्रसूती पाहणं अशोभनीय! ॲग्नेस मॅकलॅरन या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी ही मनाई उठावी म्हणून रोमच्या वाऱ्या केल्या, आणि १९१३ साली काही न मिळता त्या वारल्या. त्यांच्या मागून रावळपिंडीच्या इस्पितळात ॲना डेंगल ही तरुण ऑस्ट्रियन डॉक्टर आली. तिने काय केलं? मनाई व्रत घेतलेल्यांना आहे ना, मग जाहीर व्रत न घेता एकत्र राहायचं. १९२५ साली तिने तसा संघ काढला. बायका डॉक्टर, परिचारिका, एकत्र राहणं, एकत्र प्रार्थना, आणि बाळंतपणं. १९३६ साली रोमने मनाई उठवली, मग त्यांनी रीतसर व्रतं घेतली. पाटण्याचं कुर्जी होली फॅमिली हे मोठं इस्पितळ त्याच संघाच्या कामातून उभं राहिलं. आपल्या इतिहासात या बाईचं नाव का नाही? बहुधा ती नन होती म्हणून.

१९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर संघांना आपल्या मूळ प्रेरणेकडे परत जायला सांगितलं गेलं. आपल्याकडे कित्येक भगिनी मोठ्या शाळा-इस्पितळांच्या आवारातून निघून वस्त्यांत, पाड्यांवर दोघी-तिघींनी राहू लागल्या. पायघोळ झग्याच्या जागी साडी आली, सलवार-कमीज आली. मुंबईत जीन डेव्होस या मूळच्या बेल्जियमच्या सिस्टरने १९८५ पासून घरकामगार बायकांचं संघटन बांधलं. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला सुट्टीचा हक्क आहे हे आपल्यातल्या कितीजणींना तिच्या मोर्च्यांमुळे पहिल्यांदा सुचलं, ते प्रामाणिकपणे आठवून बघा. बिहारमध्ये सुधा वर्गीस मुसहर वस्तीतच राहायला गेल्या, कायदा शिकल्या, सायकलवरून हिंडल्या, आणि २००६ साली पद्मश्री मिळाल्यावरही लोक त्यांना सायकल दीदीच म्हणत राहिले. मध्य प्रदेशात सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांना उभं करणाऱ्या सिस्टर राणी मारियांना २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये भोसकून मारलं. झारखंडमध्ये पाकूर जिल्ह्यात कोळसा खाणीत जमिनी जाणाऱ्या संथाळांसोबत राहणाऱ्या सिस्टर वल्सा जॉन यांचा नोव्हेंबर २०११ मध्ये खून झाला. सिस्टर वल्सा एका भागात वर्षानुवर्षं टिकून राहिल्या म्हणून खाणीला खुपल्या. दर तीन वर्षांनी हलत राहिल्या असत्या तर कुणी त्यांची दखलही घेतली नसती.

म्हणूनच मला माझ्या मैत्रिणीच्या बदलीचा कागद साधा वाटत नाही. एका जागी जीव गुंतू नये, आपण काही मालक नव्हे, हे भान राहावं म्हणून बदल्या असतात असं ती मला समजावत असे. आपल्या कितीतरी संस्थांत संस्थापिकाच मालकीण होऊन बसल्या आहेत ते पाहिल्यावर यात तथ्य आहे हे मी कबूल करते. पण व्रत तिने एकटीने घेतलं होतं. पाड्यावरच्या त्या अकरा घरांनी कुठलंही व्रत घेतलेलं नव्हतं. तिच्या आज्ञापालनाची किंमत चार कुटुंबांनी उचल घेऊन मोजली, आणि निर्णय घेताना त्यांना कुणी विचारलंही नाही. सेवा ज्यांची करायची त्यांचा सेविकेवर काही हक्क आहे की नाही? तो नसेल तर पाड्यावरच्या बायका या कुणाच्या तरी पुण्यप्राप्तीची जागा ठरतात, आणि भट्टीवर त्या जशा वहीत नसतात तशा इथेही नसतात.

पैशांचा प्रश्न याला लागूनच आहे. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या नन आणि धर्मगुरूंच्या पगारातून प्राप्तिकर कापावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. संघांचं म्हणणं असं, की व्रत घेतल्यावर व्यक्तीचा 'नागरी मृत्यू' होतो, पगार तिचा नसतोच, संघाचा असतो. न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२४ ला ते मानलं नाही. पगार व्यक्तीला मिळतो, कर कापला जाईल. निकाल कराचा आहे, पण 'नागरी मृत्यू' या शब्दांपाशी मी थांबले. आपल्याकडे संन्यास घेणाऱ्यालाही कायद्याने असंच मेलेलं धरलं आहे. स्वतःच्या खुशीने निर्धन राहणं आणि कायद्याच्या लेखी मृत असणं यांत अंतर आहे. ते कळतं ती बाई पन्नाशीत संघ सोडते तेव्हा. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातलं ७०२ वं कलम म्हणतं की संघ सोडणाऱ्याला तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येणार नाही. संघाने मात्र न्यायाने आणि दयेने वागावं. म्हणजे मागणं नाही, दया आहे. नवऱ्याने टाकलेल्या बाईला पोटगी दया म्हणून नको, हक्क म्हणून हवी, यासाठी आपण रस्त्यावर उतरलो होतो ना?

आणि सत्तेचा प्रश्न. बिशप, कार्डिनल यांच्या घरी धर्मभगिनी फुकट रांधतात-वाढतात, याविषयी व्हॅटिकनच्याच वृत्तपत्रासोबत निघणाऱ्या स्त्रियांच्या मासिकाने मार्च २०१८ मध्ये लिहिलं. त्याच वर्षी केरळात एका ननने एका बिशपांवर बलात्काराची तक्रार दाखल केली, आणि तिच्या पाच सहचारिणी कोचीला रस्त्याकडेला उपोषणाच्या मांडवात येऊन बसल्या. २०२२ च्या जानेवारीत सत्र न्यायालयाने बिशपांना निर्दोष सोडलं, त्याविरुद्ध अपील झालं. निकालाबद्दल इथे लिहीत नाही. मला त्या पाचजणींविषयी लिहायचं आहे. चर्चमधून 'आज्ञा मोडली' म्हणून बोट दाखवलं जात असताना त्या तक्रारदार बहिणीला सोडून गेल्या नाहीत. सहजीवनाचा खरा अर्थ मला त्या मांडवात दिसला, तिथे वरून आज्ञा कुणीच दिलेली नव्हती.

बैठकीतली एक शंका मात्र रास्त होती. आज चर्चविषयी काही बोललं की त्याचा उपयोग भलतेच लोक करतात. जुलै २०२५ मध्ये दुर्ग स्टेशनवर दोन ननना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली पकडलं. सोबत कामावर निघालेल्या आदिवासी तरुणी होत्या. त्या प्रौढ मुलींचं स्वतःचं म्हणणं काय हा प्रश्न गर्दीला पडलाच नाही. आठ-नऊ दिवसांनी ननना जामीन मिळाला. आमच्या पाड्यावरही 'बाटवायला आल्या' असं म्हणणारे आहेत. नऊ वर्षांत तिथे एकीचाही बाप्तिस्मा झालेला नाही. तेव्हा बोलावं की गप्प बसावं? आपण शरियत कायद्याविषयी बोललो, हिंदू वारसा कायद्याविषयी बोललो, तेव्हाही हीच भीती घातली गेली होती. गप्प बसून कुठल्या बाईचं भलं झालं ते मला दाखवा. ननवर हात टाकणाऱ्या जमावाविरुद्ध उभं राहायचं आणि तिच्या मानधनाचा, बदलीचा प्रश्नही विचारायचा, ही दोन्ही कामं एकाच संघटनेला जमायला हवीत.

मी मैत्रिणीला फोन करून सांगितलं, आम्ही तुमच्या प्रांतप्रमुख सिस्टरना लिहिणार आहोत. ती म्हणाली, "माझ्यासाठी लिहू नका." मी म्हटलं, "तुझ्यासाठी नाहीच लिहीत." पत्र पाड्यावरच्या बायकांनी सांगितलं, मी उतरवून घेतलं. तुला परत आणा असं त्यात कुठेही नाही. पुढच्या वेळी बदली करण्याआधी आम्हाला विचारा, तारीख संपेपर्यंत थांबा, आणि नवीन बाई येईल तिला दोन महिने जुनीसोबत ठेवा, एवढंच आहे. खाली एकोणतीस अंगठे आणि सात सह्या. त्यातल्या चार उचल घेतलेल्या घरांतल्या आहेत.

पत्राची पोच आली आहे, उत्तर नाही. मधल्या काळात तिच्या जागी एक तरुण सिस्टर आली आहे, मंगळूरकडची. मराठी तिला अजून तुटकच येतं. परवा गेले तेव्हा ती पडवीत बायकांची वही मांडीवर घेऊन बसली होती आणि 'खर्ची' म्हणजे काय ते एका म्हातारीला विचारत होती. सुनावणीची पुढची तारीख पाच तारखेला आहे. एस.टी. सकाळी साडेसहाची.